चित्रातला माका

मावशी, माहितीपत्रिकेच्या पहिल्या पानावरचं ते चित्र चुकीचं होतं. ते माक्याचं नव्हतं, कंबरमोडीचं होतं. तू सांगितलंस तेव्हाच मला हे कळायला हवं होतं. कळलं चार महिन्यांनी, आणि कळल्यावर मी सहा वर्षं गप्प बसलो. त्या चार महिन्यांना अज्ञान म्हणता येईल. सहा वर्षांना जे म्हणतात तो शब्द तू माझ्यासाठी कधी वापरला नाहीस, म्हणून मीच वापरतो. तो हलकटपणा होता.

काल तुझी तेरवी झाली. आज सकाळपासून हे लिहीत बसलो आहे. तुला वाचता येत नव्हतं, त्यामुळे माझ्या लिहिण्याचा तुला तसाही काही उपयोग नव्हता. माझ्या लिहिण्याचा कोणालाच फारसा उपयोग झालेला नाही. तुला तर नुकसानच झालं.

तुला आठवत असेल, सहावीत असताना आमच्या वावरात तुझ्या मागे मागे फिरताना माझ्या पायाला विळा लागला होता. आई आणि तू, नात्यानं नाही पण सोबतीनं तिची बहीण, एका ओळीत निंदत होता. आई रडायला लागली, आणि तू मात्र धुऱ्यावरचा, म्हणजे बांधावरचा, कसलासा पाला ओरबाडून तळहातावर चोळलास आणि माझ्या पायावर दाबून धरलास. मी बोंबललो. तू म्हणालीस, "चुप बैस लेका, पाय काही गळून पडून नाही राह्यला." मग माझं लक्ष दुसरीकडे जावं म्हणून ते झाड दाखवलंस. "पाह्य सुध्या, एका लांब दांडीवर एकच फूल. म्हणून कोणी याले एकदांडी म्हणते. आपली कंबरमोडी."

त्याच पावसाळ्यात नाल्याच्या काठी तू मला माका दाखवलास. फूल बारकं, पांढरं, शर्टाच्या गुंडीएवढं. पानं लांबट, खरखरीत, समोरासमोर. तू एक काडी तोडून माझ्या अंगठ्यावर घासलीस आणि म्हणालीस, "थांब आता." आपण दोघं माझ्या अंगठ्याकडे पाहत उभे राहिलो. हिरवा रस हळूहळू काळा पडला. "जो काळा पडते तो माका. नाही पडत तो माका नोय. मंग तो कोणी का असेना." तुझ्या दोन्ही हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत गोंदण होतं. तेही माक्याच्या रसात काजळी खलून गोंदलं होतं, हे तू तेव्हाच सांगितलंस. तुझ्या याडीनं, म्हणजे आईनं, तुमच्या बंजारा तांड्यातल्या सगळ्या मुलींना असंच गोंदलं होतं.

म्हणजे ही दोन्ही झाडं मला तूच दाखवली होतीस. एक पायावर लावून आणि एक अंगठ्यावर घासून. एखाद्या माणसाला याहून पक्कं शिकवता येत नाही. तरी मी विसरलो. कारण मध्यंतरी मी वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. झालो होतो.

ही पदवी मला कशी मिळाली, तेही सांगून टाकतो. वाळवलेल्या वनस्पतींची वही करायची होती. मी मित्रांबरोबर यवतमाळला हिंडत होतो आणि तू आईच्या सांगण्यावरून महिनाभर नाला, धुरे, पडीक रान पालथं घालून कागदात गुंडाळून झाडं पाठवत होतीस. वहीला चांगले गुण मिळाले. वहीवर नाव माझं होतं. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. वावगं वाटण्यासाठी माणसाला थोडी अक्कल लागते.

मग मी गावच्या शाळेत शास्त्र शिकवू लागलो आणि सगळे मला सर म्हणू लागले. तू आणि आई सोडून. आई गेली, मग तू एकटीच. भर रस्त्यात, माझे विद्यार्थी शेजारून जात असताना, तू नाल्यापलीकडच्या तांड्यावरून येऊन हाक मारायचीस, "ए सुध्या, पोळीबिळी खाल्ली का?" मला लाज वाटायची. आज मी काय देईन त्या हाकेसाठी, असलं काही लिहिणार नाही. असलं लिहिणाऱ्यांची मला चीड येते. लाज वाटायची, एवढंच खरं आहे.

साडेसहा वर्षांपूर्वी बायकांच्या गटांसाठी औषधी वनस्पती लावण्याचा एक कार्यक्रम आला. माका लावायचा, फुलावर आला की कापायचा, सावलीत वाळवायचा, तेलवाल्यांसाठी माल घेणाऱ्या व्यापाऱ्याला द्यायचा. माहितीपत्रिका कोणी लिहावी, तर अर्थात सरांनी. मी ती एका दुपारी घरी बसून लिहिली. आमच्या घरापासून नाला पंधरा मिनिटांच्या वाटेवर आहे, आणि नाल्याला माका बारा महिने असतो. मी गेलो नाही. जूनचं ऊन होतं. मी पंखा लावला, मोबाईलवर शोधलं, पांढऱ्या पाकळ्यांचं पहिलं जे सुंदर चित्र दिसलं ते उचललं आणि पहिल्या पानावर छापलं. गुळगुळीत कागद होता. खाली माझं नाव आणि कंसात पदवी.

समाजमंदिरातली ती सभा मला वाक्यावाक्यानं पाठ आहे. तुमच्या तांड्यातल्या आणि आमच्या गावातल्या मिळून चाळीसेक बाया होत्या. मी पत्रिका वाटल्या. तू वाचू शकत नव्हतीस म्हणून नुसतं चित्र पाहिलंस आणि लगेच बोललीस.

"सुध्या, हा माका नोय."

मी हसून म्हणालो, "मावशी, पुस्तकात पाहून छापलंय."

"पुस्तकात असन. नाल्यात नाही. ही कंबरमोडी हाय."

मला घाम फुटला. तू बरोबर असशील अशी शंकाही मला आली नव्हती. चाळीस बायांसमोर तू मला सुध्या म्हणालीस, म्हणून घाम फुटला. मी शास्त्र सांगायला लागलो. म्हणालो की ही सगळी सूर्यफुलाच्या कुळातली झाडं आहेत, शेवंती, झेंडू, माका, कंबरमोडी, आपलं गाजरगवतसुद्धा. एका कुळातली झाडं एकमेकांसारखी दिसतात, त्यामुळे अडाणी माणसाचा गोंधळ होतो. 'अडाणी' हा शब्द मी वापरला.

तू म्हणालीस, "कुळ एक असन. मी राठोडाची, म्हणून काय साऱ्या राठोडायच्या घरी मलेच भाकरी थापा लागते?"

बाया हसल्या, माझ्यावर. मग तू पदराच्या गाठीतून बियांची एक पुरचुंडी सोडून माझ्या टेबलावर ठेवलीस आणि दोन्ही हात पुढे केलेस, गोंदण वर. "हे कायनं गोंदलं, इचार यायले. माक्यानं गोंदलं. मले नाही समजणार माका?"

तेव्हा मी ते वाक्य बोललो. "मावशी, गोंदणाच्या सुयांनी वनस्पतिशास्त्र शिकता येत नाही."

या वेळी बाया तुझ्यावर हसल्या, आणि जरा जास्त वेळ हसल्या. माझ्या एवढ्या वर्षांच्या नोकरीत वर्गात माझा एकही विनोद इतका चालला नाही.

तू हात मागे घेतलेस. पोलक्याच्या बाह्या ओढून खाली केल्यास, जेवढ्या जात होत्या तेवढ्या. आणि म्हणालीस, "बरं सर."

त्या दिवसानंतर तू मला तोंडावर सुध्या कधी म्हणाली नाहीस.

पुढचं सगळं हास्यास्पद आहे, आणि हसण्याजोगा माणूस त्यात एकच आहे. बायांनी पत्रिका हातात धरून रस्त्याकडेचं बी गोळा केलं. चित्राबरहुकूम केलं, चोख केलं. कंबरमोडीच्या बियांना म्हातारीच्या केसांसारखा कापूस असतो, त्या वाऱ्यावर उडतात. माक्याची बी काळी, बारीक, कापूस नसलेली. माझ्याच पत्रिकेत दुसऱ्या पानावर हे लिहिलं होतं. म्हणजे पहिल्या पानावरचं चित्र आणि दुसऱ्या पानावरचा मजकूर एकमेकांना खोटं पाडत होते, आणि लेखकालाच ते दिसलं नव्हतं. विहिरीजवळच्या अर्ध्या एकरात पेरणी झाली. कंबरमोडी काय, दगडावरही येते. ती माजली. मी तिच्यात उभा राहून फोटो काढून घेतला. तू धुऱ्यावरून चालली होतीस. थांबलीस, पीक पाहिलंस, मला पाहिलंस.

"चांगली आली सर, कंबरमोडी," म्हणालीस आणि निघून गेलीस.

टेबलावर राहिलेली तुझी पुरचुंडी शांताबाईनं उचलून नेली होती, हे मला नंतर कळलं. शांताबाई आमच्या गावची, गटाची अध्यक्ष. बी वाया कशाला घालवायचं म्हणून तिनं ते पाटाच्या कडेला, ओल्यात फेकून दिलं होतं. तिथे एक बारीकशी ओळ आली. अर्ध्या एकरात तेवढाच काय तो माका होता.

ऑक्टोबरात व्यापारी आला. त्यानं पोत्यात हात घातला, काडी काढली, अंगठ्यावर घासली आणि वाट पाहिली. तू पाहायचीस तशीच. दुसरी काढली. तिसरी. काहीच काळं पडेना. मग एका पोत्याच्या तळातून निघालेली काडी काळी पडली. माक्याला भांगरा म्हणत तो बोलला, "साहब, इसमें मुट्ठीभर भांगरा है, बाकी सब घास है. मिलावट है ये." आणि तो पोती न घेता गेला.

चार महिने त्या बाया वाकल्या होत्या. निंदण, पाणी, कापणी, सावलीत पसरणं, पावसात उचलून आत नेणं. सगळ्या माझ्याकडे पाहत होत्या, धुऱ्यावर उभी असलेली तूही. त्या क्षणी मला सगळं समजलं, मावशी. घरी जाऊन जुनी वही काढली ती नुसती खात्री करायला. तिच्यात माक्याचं पान होतं, तू पाठवलेलं. काडी चेंगरली तिथे कागदाला काळा डाग पडलेला. पुढच्याच पानावर कंबरमोडी, खाली माझ्याच अक्षरात नाव. ही वही माझ्या कपाटात, माझ्या खुर्चीच्या हातभर मागे, कायम होती.

पण हे नंतरचं. त्या वेळी, बाया पाहत असताना, मी व्यापाऱ्याचा शब्द उचलला. म्हणालो, "बियाण्यात भेसळ झालेली दिसते. म्हाताऱ्या माणसांना बी नीट दिसत नाही, काहीतरी मिसळलं असेल."

मी तुझं नाव घेतलं नाही. नाव घेतलं नाही, असं मी स्वतःला बरेच महिने सांगत असे. घ्यायची गरजच नव्हती. सभेत पुरचुंडी काढणारी म्हातारी एकच होती. अर्ध्या एकरात जे एकमेव खरं होतं, त्यालाच मी भेसळ ठरवलं.

आणि ते खपलं, कारण सर बोलले होते. गोमलीबाईला आता दिसत नाही, हे तुझ्याबद्दल तांड्यावर आणि गावात पसरायला आठवडाही लागला नाही. ज्या बाया आधी न पाहता तुझ्या हातचा पाला घ्यायच्या त्या विचारू लागल्या. एकदा बोरी अरबच्या बाजारात मी तुला पाहिलं. गोणपाटावर माक्याच्या जुड्या मांडून बसली होतीस. एक बाई म्हणाली, "खराच हाय ना वं?" तू जुडीतली एक काडी काढलीस, आपल्या अंगठ्यावर घासलीस, काळी पडेपर्यंत तिच्यासमोर धरलीस, मग जुडी दिलीस. पुढच्या बाईला पुन्हा तेच. तुझी बोटं कोळसा वेचल्यासारखी झाली होती.

मी समोर येऊन उभा राहिलो. "कशी आहेस मावशी?"

"बरी हाव सर." आणि तू माझ्यासाठीही एक काडी घासलीस, अंगठा वर केलास. "पाहून घ्या. नंतर म्हणान मिसळलं."

मला तिथेच सांगता आलं असतं. आजूबाजूला माणसं होती, हवी तेवढी. मी जुडी घेतली आणि घरी आलो.

तुझाही मला राग येतो, हे लिहून टाकू दे. तू भांडायला हवं होतंस. शाळेत येऊन, मुलांसमोर, माझी अब्रू काढायला हवी होतीस. तुझी जीभ काही बोथट नव्हती. माझे वडील तुझ्यासमोर जपून बोलायचे. पण तू मला फक्त 'सर' म्हणत राहिलीस, आणि तेही इतक्या अदबीनं की दुसऱ्या कोणाला त्यात शिवी ऐकू येऊ नये. महिला दिनाला आम्ही शाळेत तुझा सत्कार ठरवला, शाल आणि नारळ. कल्पना माझी होती. माफी मागायला जमत नाही तिथे माणसं शाल घेऊन येतात. तू निरोप पाठवलास, "सरायले सांगा, मले थंडी नाही वाजत." मी तो निरोप शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना हसून सांगितला. मावशी भारी विनोदी आहे, असं म्हणालो.

मागच्या वर्षी मी परसात माका लावायला घेतला. नुसता लावला असता तर त्याला प्रायश्चित्त म्हणता आलं असतं. मला तो उगवून दाखवायचा होता. कोणाला, ते माहीत नाही. बी खड्डा करून पेरली, माती दाबली. आली नाही. पुन्हा पेरली, शेणखत घातलं. आली नाही. शेवटी तुझ्या दारात आलो. तू खाटेवर होतीस, पाय सुजलेले. मी सांगितलं. तुझ्या चेहऱ्यावर ते जुनं, माझा निकाल लावणारं हसू आलं.

"किती खोल टाकली सर?"

"बोटभर."

"कायले? पुरून राह्यले का तिले?" मग जरा दमून म्हणालीस, "झाकू नका. वरच फेका. त्याले उजेड लागते. नाही तं नाल्यावरून फांदी आना, पेराले माती लावा, मुळ्या सुटते. मोरीचं पाणी जाते तिथं लावा. आन् ओळीत नका लावू, त्याले ओळ नाही समजत."

यावर आपला वाद जुना होता. मी म्हणायचो, ओळीत लावल्याशिवाय शेती होत नाही. तू म्हणायचीस, माका लावत नसतात, त्याला जागा देतात. त्या दिवशी मी वाद घातला नाही. "झाकू नका" म्हणताना तू माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलंस असं मला वाटलं. मी उठलो, पाया पडलो आणि तसाच परत आलो. बी वरच फेकली. मोरीच्या पाण्यावर ती नवव्या दिवशी उगवली. तुला सांगायला येईन असं मनाशी म्हणालो, आणि परीक्षा, पेपर, लग्नं असली कारणं काढत राहिलो. फुलं आली. तुला सांगितलं नाही. मग तुझ्या मुलाचा, बळीरामचा, फोन आला. "याडी गेली सर."

काल तेरवीला कोण कोण आलं ते तू पाहिलं असतंस तर उठून बसली असतीस. एका पुढाऱ्यानं तुला आयुर्वेदाचं चालतंबोलतं विद्यापीठ म्हटलं. त्याला माका आणि मेथी वेगळी ओळखता येणार नाही. त्या सभेत हसलेल्या दोघीतिघी डोळ्याला पदर लावून बसल्या होत्या. "लय समजत व्हतं बाईले," असं आता म्हणत होत्या. आता म्हणायला काय जातं? पण त्यांच्याकडे बोट दाखवण्याचा अधिकार मला नाही. त्या माझ्याच विनोदावर हसल्या होत्या.

पंगतीच्या आधी तुझी सून, कविता, पाण्याचा तांब्या घेऊन माझ्याजवळ आली. हलक्या आवाजात म्हणाली, "सर, एक सांगू का? रागावसान नाही न?"

"बोल."

"सासूबाई घरी तुमाले सुध्याच म्हणे. परीक्षेच्या दिवसांत रोज इचारे, सुध्या आलता का. मी म्हणलं, त्यायनं तुमचं एवढं नाव खराब केलं, कायले वाट पाह्यता? तं म्हणे, सुध्याले समजलं हाय वं. व्यापारी आला तवाच समजलं. त्याचे कान लाल झालते. आता तोंडात आनाले टाइम लागून राह्यला त्याले. लहानपणापासून ढिला हाय तो."

मी पाणी प्यालो नाही. तांब्या तसाच धरून उभा होतो.

तेवढ्यात बळीरामनं पुकारलं की आता सर दोन शब्द बोलतील. मी सकाळी परसातून दोन काड्या तोडून खिशात घातल्या होत्या, एक माक्याची आणि एक कंबरमोडीची. खरं सांगायचं तर त्यातही मला एक चांगलंसं भाषण करायचं होतं. उभा राहिलो आणि त्या काढल्याच नाहीत. समोर शांताबाई होती, गटातल्या सगळ्या होत्या, तांडा होता, पुढारी होता. मी पुस्तकी मराठीत सुरुवात केली, "आज आपण सर्व जण," आणि थांबलो. शांताबाई म्हणाली, "बोला न सर."

मग जे बोललो ते असं, मावशी. जसं तोंडातून आलं तसंच लिहितो.

"गोमलीमावशीनं बियाणं नाही मिसळवलं. तिचं बियाणं खरं व्हतं. पाटाच्या कडीले जे आलतं तेवढंच खरं व्हतं, बाकी मी तुमाले गवत पेराले लावलं. चित्र माहं चुकलं व्हतं. तिनं सांगितलं तं मी तिच्या गोंदणावर हसलो, अन् तुमाले हसवलं. व्यापारी गेला त्याच दिवशी मले समजलं व्हतं. तरी तिच्यावर ढकललं. खाटेवर पडेपर्यंत ती बाजारात काड्या घासत बसली, माह्यापायी. मावशी, माहं चुकलं. मले माफ कर. मी सर नाही बोलून राह्यलो. मी सुध्या हाव."